कोईचा हौद आणि न दिसणारं विरजण



मागच्या महिन्यात प्रभाग संघाच्या बैठकीत आम्ही सांगितलं, की आमच्या गटानं कोई माशांच्या हौदाला ड्रम फिल्टर बसवलाय. तेव्हा मागच्या रांगेतून एका मावशींनी विचारलं, "ड्रम म्हंजे ते निळं टिपाडच ना? त्यात काय फिल्टर? आम्ही तर त्यात प्यायचं पाणी भरतो." सगळ्या जणी हसल्या. पण मावशींचा प्रश्न बरोबर होता. आमच्याकडं दोन्ही आहेत, निळी टिपाडंही आणि गोल फिरणारा ड्रमही. दोघांचं काम वेगळं आहे. हे वेगळेपण आम्हाला नीट कळायला दोन वर्षं लागली आणि एक्केचाळीस मासे गेले. आज त्याचंच बोलू.

आधी कोई म्हणजे काय ते सांगतो. शेततळ्यात आपण रोहू, कटला, मृगल सोडतो, त्यांच्यासोबत सायप्रिनस सोडतो. कोई ही त्या सायप्रिनसचीच रंगीत जात. जपानमध्ये निगाता म्हणून भाग आहे, तिथल्या डोंगरातले भातशेतकरी हा मासा खाण्यासाठी पाळत. दोनशे वर्षांपूर्वीच्या सुमारास त्यांच्या तळ्यांत काही मासे तांबडे-पांढरे निघाले. ते त्यांनी खाल्ले नाहीत, निवडून वेगळे वाढवले. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि मग जगभर त्यांची हौस पसरली. म्हणजे हा मासा राजवाड्यातून आलेला नाही, शेतकऱ्याच्या घरातून आलेला आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण गावात आम्हाला पहिल्यांदा हेच ऐकावं लागलं, की "श्रीमंतांची हौस, तुम्हाला कशाला?"

आमच्या जालना जिल्ह्यात शेततळं कुणाला सांगायला नको. कडवंचीचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासोबत त्या गावानं पाणलोटाचं काम केलं, पुढं शेततळी झाली आणि तिथल्या द्राक्षबागा त्या पाण्यावर उभ्या राहिल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्याकडं मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, त्यानंतर तर ज्याला त्याला शेततळं पाहिजे झालं. आमच्या गटात अकरा जणी. एकीच्या शेतात तळं होतं, त्यात मासे होते. पण खाण्याचा मासा वर्षातून एकदा निघतो, आणि उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी बागेला लागतं. म्हणून कमी पाण्यात, घराजवळ, रोज लक्ष ठेवता येईल असं काही करावं, असं ठरलं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० पासून आली, त्यात महिलांना मंजूर खर्चाच्या ६० टक्के अनुदान धरलेलं होतं, घरामागच्या शोभेच्या माशांच्या छोट्या युनिटालाही. उरलेल्यासाठी गटाचं कर्ज काढलं. आता योजनेची स्थिती काय ते तुम्ही जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातच विचारा, आमच्या सांगण्यावर जाऊ नका.

हौद गोल बांधला. बारा फूट व्यास, पाणी साडेतीन फूट. हौदात किती लिटर बसतं याचा एक सोपा हिशेब आहे, लिहून घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, सगळं फुटात, आणि आलेल्याला बावीसने गुणायचं. बारा बारा एकशे चव्वेचाळीस, त्याचे साडेतीन पट पाचशे चार, गुणिले बावीस म्हणजे अकरा हजार लिटर. साधारण एका टँकरचं पाणी. त्यात आम्ही तीनशे पिल्लं सोडली. शेततळ्यात लाखो लिटर पाण्यात मासे विरळ असतात, त्यांची घाण निसर्ग पचवतो, तिथं फिल्टर लागत नाही. हौदात मात्र एका खोलीत तीस पाहुणे झोपवल्यासारखं असतं. खिडकी उघडी ठेवावीच लागते.

ही खिडकी म्हणजे पाण्याचं फिरणं. कोईच्या हौदातलं सगळं पाणी दोन तासांत एकदा तरी फिल्टरमधून जाऊन परत आलं पाहिजे. आमच्या अकरा हजार लिटरला ताशी साडेपाच हजार लिटर. आम्ही दुकानातून आठ हजार लिटरची मोटर आणली, खोक्यावर तसं छापलेलं होतं, आणि निर्धास्त झालो. चार महिन्यांनी एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं विचारलं, "मोजलं का?" मोजलं नव्हतं. मग पंधरा लिटरची बादली परत येणाऱ्या पाइपाखाली धरली आणि मोबाइलमध्ये घड्याळ लावलं. बादली भरायला पंचवीस सेकंद लागले. पंधरा लिटरला दहा सेकंद लागले, तर ताशी ५,४०० लिटर होतात. पंचवीस सेकंद म्हणजे जेमतेम २,१६०. सगळा हौद फिरायला पाच तास! खोक्यावरचा आकडा पाणी मुळीच वर चढवायचं नसेल तेव्हाचा असतो. आमची टिपाडं तर स्टँडवर होती, मोटर सहा फूट पाणी चढवत होती, त्यात अर्ध्या इंचाचे दोन एल्बो. विहिरीवरची मोटर घेताना आपण किती फूट चढवायचं ते आधी सांगतो की नाही? इथं तेवढंही केलं नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. मोटर आम्ही हौदाच्या तळाशी ठेवली होती. माशाची विष्ठा ताजी असते तेव्हा दोऱ्यासारखी अखंड असते, चिमटीनं उचलता येईल अशी. ती मोटरीच्या पंख्यातून गेली की मिक्सरमधून काढल्यासारखी होते. मग ती कुठल्याच जाळीत अडकत नाही. आमचं पाणी सदा चहाच्या रंगाचं, आणि आम्ही जाळ्या बदलतोय, फोम बदलतोय, शेडनेटचे तुकडे आणखी कोंबतोय. जाळीची चूक नव्हतीच. घाण आधी गाळायची आणि मोटर सगळ्यांच्या शेवटी ठेवायची, एवढं उलटं केलं असतं तर पहिल्याच महिन्यात पाणी सुधारलं असतं.

पण मोटर शेवटी ठेवायची, तर पाणी हौदातून फिल्टरपर्यंत जाणार कसं? आपल्या पाताळीनं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्यातल्या बऱ्याच जणींनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणलंय, ना मोटर ना वीज, आणि त्या पाण्यावर दळण दळलं जायचं. तिथल्या हौदातही मासे आहेत. आपल्या घाणेवाडीच्या तलावाचं पाणीही जालना शहरात उतारानंच येत होतं. पाणी आपली पातळी स्वतः शोधतं, आपण फक्त वाट द्यायची.

म्हणून आम्ही हौदाच्या मध्ये तळाशी चार इंची मोरी काढली, तळाला तिच्याकडं उतार दिला, आणि टिपाडं स्टँडवरून उतरवून जमिनीत गाडली. टिपाडांचे काठ हौदाच्या काठाच्या पातळीत आणले. गवंडीदादांनी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढून दिली, तीच घर बांधताना काढतात ती. आता शेवटच्या टिपाडातून मोटर पाणी उपसते, हौदात सोडते, आणि तेवढंच पाणी मोरीतून मागं येत राहतं. मोटरीला सहा फुटांऐवजी दीड फूट चढवायचं. शंभर वॅटच्या मोटरीत काम भागलं. ती चोवीस तास चालते, दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट. वीज गेली तर सगळीकडं पाणी एका पातळीला येऊन थांबतं, कुठून सांडत नाही. हौदात परत येणारा पाइप आम्ही भिंतीला लागून तिरपा वळवला, त्यामुळं सगळं पाणी हळूहळू गोल फिरतं आणि घाण आपोआप मधल्या मोरीवर गोळा होते. ताक घुसळताना लोणी मध्ये जमतं, अगदी तसं.

एवढं झाल्यावर बादली अकरा सेकंदांत भरली. त्या दिवशी आम्ही हौदाशेजारी बसून चहा केला.

आता मावशींच्या प्रश्नाकडं येतो. फिरणारा ड्रम म्हणजे आडवा ठेवलेला पिंप, पण त्याला पत्र्याच्या जागी बारीक जाळी ताणलेली असते. साठ-सत्तर मायक्रॉनची, म्हणजे आपल्या डोक्याचा केस असतो साधारण तेवढी भोकं. हौदाचं पाणी त्याच्या पोटात शिरतं आणि जाळीतून बाहेर पडतं, घाण पोटात राहते. पिठाच्या चाळणीत कोंडा राहतो ना, तसं. चाळणी भरली की आपण झटकतो. ड्रम स्वतःच झटकतो. कसं? जाळी बुजली की बाहेरच्या बाजूला पाणी कमी यायला लागतं, पण मोटर तर उपसतच असते, म्हणून बाहेरची पातळी उतरते. तिथं एक तरंगता बोंडा असतो, तो खाली गेला की ड्रम फिरू लागतो, वरून फवारे सुटतात, जाळीवरची घाण आतल्या पन्हळीत पडते आणि बाहेर जाते. मिनिटभरात काम झालं. ठिबकवाल्या बायांना हे लगेच कळेल, स्वतःच स्वतःचं बॅकवॉश करणारा स्क्रीन फिल्टर आहे हा.

टिपाडवाल्या बायांनी नाराज होऊ नका. हेच तत्त्व टिपाडातही चालतं. आम्ही दीड वर्ष तसंच चालवलं. पहिल्या टिपाडात जाळीची पिशवी, तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पाण्यात दोन बोटं फरक असला तर ठीक, चार बोटं झाला की पिशवी काढून धुवायची. तुमचं बोट म्हणजेच तो बोंडा. फरक एवढाच, की तुम्हाला दिवसातून तीन-चार वेळा बघावं लागतं, आणि खुरपणीच्या दिवसांत ते राहून जातं. आमच्या मते पन्नास-साठ माशांना टिपाडंच बरी. पहिल्याच वर्षी ड्रम घ्यायचं कारण नाही. आम्हीही पहिली विक्री झाल्यावर घेतला, आणि तो खर्च आमच्या अकरा जणींच्या वर्षभराच्या बचतीपेक्षा जास्त होता.

ड्रम आला आणि आठ दिवसांत तळ दिसायला लागला. साडेतीन फुटांखालचा सिमेंटचा जोड मोजता येईल इतकं नितळ. गावातली पोरं बघायला यायची. उन्हाळ्यात मात्र तो वेड्यासारखा फिरायला लागला. दर पाच मिनिटांनी फवारा. आम्हाला वाटलं, मशीन बिघडलं. बिघडलं काही नव्हतं. उन्हानं हौदाचं पाणी उडून पातळी उतरली होती, बोंड्याला वाटत होतं जाळी बुजली, म्हणून तो बिचारा धुतोय आणि धुतोय. एका धुण्याला सहा-सात लिटर पाणी बाहेर जातं, त्यानं पातळी आणखी उतरते, की परत धुणं. टंचाईच्या दिवसांत हे आम्हाला परवडणारं नव्हतं. मग हौदाच्या आतून लाल रंगाची रेघ मारली, रोज सकाळी पाणी रेघेपर्यंत आणायचं. आमच्या हौदात एक सेंटिमीटर पाणी उतरलं म्हणजे शंभर लिटर गेलं, सात बादल्या. वरून शेडनेट टाकल्यावर हे बरंच कमी झालं, आणि बगळेही थांबले. आपल्याकडचं पाणी जड, फवाऱ्याच्या तोंडावर पांढरा थर धरतो. ठिबकला ॲसिड देतात तसं आम्ही महिन्यातून एकदा फवारे काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवतो. आणि हात घालण्याआधी बटण बंद. पाणी आणि वीज शेजारी आहेत, ईएलसीबी बसवल्याशिवाय कुणीही हे करू नये.

आता ती चूक.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये निरोप आला, की बँकेचे साहेब गटाचं काम बघायला येणार. दुसरं कर्ज मागितलं होतं, दुसऱ्या हौदासाठी. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? घर धुऊन काढतो. हौद लखलखीत होता, ड्रम लखलखीत होता. पण ड्रमनंतरची तीन टिपाडं उघडली तर आतल्या प्लास्टिकच्या चकत्या आणि शेडनेटच्या पिशव्या तपकिरी, बुळबुळीत. साहेबांनी झाकण उघडलं तर काय म्हणतील? बैठकीत ठरलं, सगळं घासून काढायचं. त्या आठवड्याची पाळी गटातल्या सगळ्यात लहान सुनेची होती. तिनं चार तास उन्हात बसून चकत्या घासल्या. नळाला त्या दिवशी पाणी आलं होतं, टीसीएल पावडर टाकलेलं, वास येत होता इतकं. त्याच पाण्यानं धुतल्या आणि वाळत घातल्या. शेवटची एक पिशवी राहिली, पाणी संपलं म्हणून. ती तशीच टिपाडात टाकली. त्यावरूनही तिला आम्ही बोललो.

साहेब येऊन गेले. खूश होऊन गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत होते. दुपारपर्यंत काही मासे आडवे झाले. पाणी? काचेसारखं नितळ.

तपासणीच्या थेंबांचा संच होता आमच्याकडं, महिनाभर कुणी उघडला नव्हता. अमोनियाची चाचणी केली. पाणी पिवळं राहायला हवं, ते गर्द हिरवं झालं.

काय झालं होतं ते आता हिशेबानं सांगतो. मासा अमोनिया कल्ल्यांतून बाहेर टाकतो, तो पाण्यात विरघळतो, मिठासारखा. कुठल्याही जाळीत तो अडकत नाही, ड्रममध्येही नाही. एक किलो खाद्य दिलं की साधारण तीस ग्रॅम अमोनिया तयार होतो. आम्ही दिवसाला तीनशे ग्रॅम खाद्य द्यायचो, म्हणजे नऊ ग्रॅम. अकरा हजार लिटरमध्ये रोज लिटरमागं जवळपास ०.८ मिलिग्रॅम वाढणार, तीन दिवसांत अडीचच्या जवळ. त्यात आपल्या पाण्याचा सामू जास्त. सामू ७ असला आणि पाणी तीस अंश असलं, तर त्या अमोनियातला शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. सामू ८.३ झाला की शंभरातले चौदा-पंधरा भाग विषारी होतात. आमचा सामू तेवढाच होता, आणि पाणी बत्तीस अंशावर गेलेलं. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. सगळं एकदमच आलं.

रोजचा हा अमोनिया मग इतके दिवस जात कुठं होता? त्या तपकिरी बुळबुळीत थरात. तो थर म्हणजे घाण नव्हे, जिवाणू. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट करते, आणि नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही, झाडांना तर खत आहे. हा थर धरायला चार ते सहा आठवडे लागतात. बायांनो, विरजणाच्या भांड्यात उकळतं पाणी ओतून, घासून, वर दूध घातलं तर दही लागेल का? आम्ही तेच केलं होतं. टीसीएल तर जंतू मारण्यासाठीच असते. विहिरीतले जंतू मारते तसे हेही मारले.

खाद्य बंद केलं, विहिरीचं पाणी आणून हौदाचं एक तृतीयांश पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदललं, हवेचे दोन पंप जादा लावले. नायट्राइट वाढलं तेव्हा हजार लिटरला तीन किलो या हिशेबानं मीठ टाकलं. एक्केचाळीस मासे गेले, त्यातले बरेच विकायला तयार होते.

त्याच संध्याकाळी बैठक झाली. कुणाची पाळी होती? तिची. इतिवृत्तात लिहिलं गेलं, निष्काळजीपणाबद्दल पाचशे रुपये दंड. ते अक्षर आमचं आहे, समन्वयक म्हणून आम्हीच लिहिलं. ती काही बोलली नाही. तिची सासू बोलली, "माय, तुम्हीच सांगितलं घास म्हणून, आता तिलाच दंड?" आम्ही ऐकून घेतलं नाही. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही.

नंतर मत्स्य विषयाचं शिक्षण घेतलेल्या एका ओळखीच्या ताईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "न धुतलेलं काही उरलंय का?" उरली होती ती एकच पिशवी. ती राहिली म्हणून आम्ही तिला बोललो होतो. ताई म्हणाल्या, तेच तुमचं विरजण, तिला जपा. ती पिशवी मधल्या टिपाडात टांगली, धुतलेल्या चकत्या तिच्याभोवती घातल्या, खालून हवा सोडली, कारण त्या जिवाणूंनाही श्वास लागतो. तीन आठवडे खाद्य पाव हिश्श्यावर ठेवलं, रोज चाचणी केली. अठराव्या दिवशी पाणी पिवळं राहिलं.

मग आम्ही तिच्या घरी गेलो, अकरातल्या सात जणी. माफी मागायला शब्द सापडत नव्हते, तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, "बसा तरी." दंडाची ओळ आम्ही इतिवृत्तातून खोडलेली नाही. तिच्याखाली नवी ओळ लिहिली, की धुण्याचा निर्णय सर्वांचा होता, दंड रद्द, आणि तिच्या चार तासांची मजुरी गटातून द्यावी. सह्या सगळ्यांच्या आहेत.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. ड्रमची जाळी कितीही घासा, तिथं लखलखीत चालतं. जिवाणूंच्या टिपाडांना हात लावायचा तर एका वेळी एकाच टिपाडाला, आणि हौदातलंच पाणी बादलीत घेऊन त्यात चकत्या नुसत्या खळबळायच्या. नळाचं किंवा टँकरचं पाणी हौदात सोडायचं असेल तर एक-दोन दिवस वेगळ्या टाकीत हवा सोडून ठेवायचं, घाई असेल तर हायपो. वीज चार तासांहून जास्त गेली तर टिपाडातलं साचलेलं पाणी आधी बाहेर सोडायचं, मग मोटर. आतल्या आत श्वास कोंडून ते नासलेलं असतं. हवेचा पंप इन्व्हर्टरवर घेतलाय, मोटर थांबली तरी तो थांबत नाही. दुसऱ्या हौदाचं कर्ज मंजूर झालं होतं, पण ते आम्ही सहा महिने उचललं नाही. काहींना ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. एका हौदाची चाचणी नेमानं होत नव्हती, तिथं दुसरा कशाला, असं आमचं मत पडलं.

ड्रममधून निघणारं धुण्याचं पाणी पन्हळीतून सरळ परसबागेत जातं. काळं, वास मारणारं, पण वांगी आणि पालक त्यावर असे वाढलेत की शेजारणी मागून नेतात. हौदात मीठ टाकलेलं असतं त्या दिवसांत मात्र ते पाणी बागेला देत नाही, वेगळं काढतो.

चाचणीची वही आता तिच्याकडं असते. आठवड्यातून दोनदा अमोनिया, नायट्राइट, सामू, आणि रविवारी बादलीचे सेकंद. मागच्या रविवारी तिनं बारा लिहिले होते, त्याआधी अकरा. म्हणाली, पाइपात काहीतरी धरलंय, उघडून बघू. उघडलं तर एल्बोत एक गोगलगाय आणि शेवाळाचा गोळा.

ज्या गटांना हौद बघायचा आहे त्यांनी रविवारी सकाळी या, तेव्हाच मोजणी असते. आणि तुमच्याकडं आधीच हौद असेल, तर येण्याआधी तुमची बादली किती सेकंदांत भरते ते मोजून या, म्हणजे बोलणं तिथून सुरू करता येईल.